डोळ्यातील कृत्रिम भिंग आणि त्यानंतरचा धूसरपणा : एक ऐतिहासिक टिपण

मंडळाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादकांची आज्ञा झाली तेव्हा ज्ञातीचे मूळ स्थान, कुलदैवते अथवा एखादी जुनी सनद यांवर आम्ही चार शब्द लिहू, अशी त्यांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आमच्याहून अधिकारी मंडळींनी याच पृष्ठांतून लिहिले आहे. यंदा आम्ही वाचकांची क्षमा मागून निराळ्याच इतिहासाकडे वळतो. तो आहे मनुष्याच्या डोळ्यात बसविल्या जाणाऱ्या कृत्रिम भिंगाचा, आणि त्या भिंगाबरोबर पहिल्या दिवसापासून चालत आलेल्या धूसर दृष्टीचा. हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या घरात चालून आला.

आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येस लहानपणापासून उणे अकराचा चष्मा. मुलगी हुशार, बँकेत नोकरीस. लग्न ठरले तेव्हा ‘आता हा चष्मा एकदाचा जाऊ दे’ असे घरातील सर्वांच्या मनात आले आणि चौकशीअंती तिच्या दोन्ही डोळ्यांत भिंगे बसविण्यात आली. उजवा डोळा आरशासारखा स्वच्छ झाला. डावा पहिले दोन दिवस बरा होता, मग पुसट झाला. प्रत्येक अक्षरास सावली दिसू लागली, रस्त्यावरचा दिवा तिरक्या रेघेसारखा लांबू लागला. जेथे शस्त्रक्रिया झाली त्या रुग्णालयात विचारावे तर ‘थांबा, हळूहळू बसेल’ एवढेच उत्तर मिळे. घरात विचारावे तर ‘सासरी कळू देऊ नको’ ही ताकीद. तीन महिन्यांनी ती एका संध्याकाळी आमच्याकडे आली व म्हणाली, “काका, मला एका डोळ्याने दोन चंद्र दिसतात, आणि हे कोणाला सांगायचे नाही असे सगळे म्हणतात.” त्या दिवसापासून आम्ही या विषयावरील जे मिळेल ते वाचू लागलो. आम्ही वैद्य नाही. मात्र जुने कागद वाचण्याची सवय आयुष्यभराची आहे, आणि तीच येथे उपयोगी पडली.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ज्यास इंग्रजीत ॲस्टिग्मॅटिझम म्हणतात त्यास मराठी परिभाषेत ‘अबिंदुकता’ हा शब्द आहे. चष्म्याच्या दुकानात मात्र सारे त्यास ‘सिलिंडरचा नंबर’ म्हणतात. डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यास, म्हणजे स्वच्छमंडलास, चेंडूच्या पृष्ठाप्रमाणे सर्व दिशांनी सारखी गोलाई असेल तर किरण एका बिंदूत मिळतात. ती गोलाई चमच्याच्या पाठीसारखी, लांबीच्या दिशेने एक व रुंदीच्या दिशेने दुसरी असेल तर किरण एका बिंदूत मिळत नाहीत. मग उभी रेघ स्पष्ट तर आडवी पुसट, किंवा याच्या उलट असे होते. साध्या नंबरात ‘किती’ एवढेच सांगावे लागते. सिलिंडरच्या नंबरात ‘किती’ आणि ‘कोणत्या अंशावर’ असे दोन्ही सांगावे लागते. हा ‘कोणत्या अंशावर’ चा प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढील बहुतेक हकीकत त्याभोवतीच फिरते.

हा दोष प्रथम ज्याने ओळखला त्याने तो स्वतःच्याच डोळ्यात ओळखला, ही या इतिहासातील फार गोड गोष्ट होय. इंग्लंडातील टॉमस यंग हा व्यवसायाने वैद्य, आणि प्रकाश लहरींच्या रूपाने जातो हे दाखविणारा मोठा पदार्थवैज्ञानिक. १८०१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्याने लिहिले की आपला डोळा उभ्या व आडव्या दिशांत सारखा वागत नाही. मग दोष आहे कोठे, बाहेरच्या पडद्यात की आतल्या भिंगात? त्याने आपला डोळा पाण्याला लावून पाहिले. पाण्यात स्वच्छमंडलाची किरण वाकविण्याची शक्ती जवळजवळ नाहीशी होते. तरीही दोष कायम राहिला. तेव्हा तो आतील भिंगातच असला पाहिजे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्याने ही गोष्ट केअरी नावाच्या एका चष्मेकारास सांगितली, तेव्हा चष्मेकार म्हणाला की काही गिऱ्हाइकांना काच तिरकी धरली की बरे दिसते हे आम्हांस ठाऊक आहे! कारागिराच्या हाती ज्ञान होते, त्यास नाव तेवढे नव्हते.

नाव मिळण्यापूर्वी उपाय मिळाला. केंब्रिजचा तरुण गणिती जॉर्ज एअरी याचा डावा डोळा इतका विषम होता की वाचताना तो त्या डोळ्याचा उपयोगच करीत नसे. १८२५ साली त्याने गणिताने आपला दोष मोजला आणि एका बाजूस नळकांड्यासारखा वाक असलेली काच इप्सविच येथील फुलर नावाच्या कारागिराकडून घासून घेतली. आज आपल्या चिठ्ठीवर सिलिंडरचा जो रकाना असतो त्याचा मूळपुरुष ही काच. एअरी पुढे इंग्लंडचा राजज्योतिषी झाला. ॲस्टिग्मॅटिझम हा शब्द विल्यम ह्यूएल या केंब्रिजच्याच विद्वानाने ग्रीक भाषेतून घडविला.

आता भिंगाकडे येऊ. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शलाका घालून ते दृष्टीच्या वाटेतून बाजूस सारण्याची कृती वर्णिलेली आहे. त्या कृतीने प्रकाश आत येई, रुग्णास माणूस आला की गेला हे कळे. परंतु भिंगच जागेवर नाही म्हटल्यावर दहा-बारा अंकांची बहिर्गोल काच लागणार, आणि ती काच त्या काळी नव्हती. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरचा धूसरपणा हा शस्त्रक्रियेइतकाच प्राचीन आहे.

येथे आपल्या मराठी मुलुखाबाहेरील, परंतु मराठी भाषिक राजाच्या, एका कार्याचा उल्लेख करणे आम्हांस अगत्याचे वाटते. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले यांनी १७९८ ते १८३२ या काळात राज्य केले. सरस्वती महाल ग्रंथालयाचे वैभव वाढविणारे हे राजे वैद्यकाचेही मोठे व्यासंगी. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांची टिपणे त्या संग्रहात जपलेली आहेत. त्यांत रुग्णांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत, डोळ्यास काय झाले व कोणता उपचार केला याची नोंद आहे. सनदा व दफ्तरे सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यास या कागदांचे अप्रूप वाटते ते एवढ्याचसाठी की राजाने डोळ्याचेही दफ्तर ठेविले.

युरोपात १७४७ साली झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यवैद्याने भिंग बाजूस न सारता ते डोळ्याबाहेर काढण्याची नवी रीत सुरू केली. त्यासाठी स्वच्छमंडलावर अर्धवर्तुळाकार मोठा छेद घ्यावा लागे आणि त्यास टाके नसत. जखम जशी भरेल तशी भरे, आणि गोल पडदा वाकडातिकडा होई. हॉलंडचे डॉक्टर डोंडर्स यांनी १८६४ सालच्या आपल्या ग्रंथात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या अबिंदुकतेची नोंद केली. त्यांचेच सहकारी स्नेलेन, ज्यांचा अक्षरांचा तक्ता आजही डॉक्टरांच्या भिंतीवर असतो, त्यांनी १८६९ साली उलट विचार मांडला. छेदाने गोलाई बदलते तर मग ज्या दिशेस गोलाई जास्त आहे तेथेच छेद घेऊन ती कमी का करू नये? हा विचार शस्त्रगृहात रुळण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

भिंग काढल्यानंतर डोळा रिकामा राही. त्या रिकाम्या डोळ्याचा चष्मा ज्ञातीतील वडीलधाऱ्यांच्या छायाचित्रांत अद्याप दिसतो. जाड, मध्ये फुगीर काच, आणि तिच्यामागे मोठे झालेले डोळे. आमच्या आजोबांना त्या चष्म्यातून प्रत्येक वस्तू सुमारे पाव हिस्सा मोठी दिसे. जिन्याची पायरी जवळ वाटे व पाऊल हवेत पडे. वाटीत आमटी वाढताना ती ताटात सांडे, आणि मग आजी काही न बोलता पळी आपल्या हाती घेई. एकाच डोळ्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर दोन डोळ्यांची दोन निराळ्या मापांची चित्रे एकत्र होतच नसत. आजच्या पिढीस हे ठाऊक नाही, म्हणून भिंग बसविण्याच्या युक्तीने काय साधले याचीही तिला कल्पना येत नाही.

ती युक्ती हॅरॉल्ड रिडली या लंडनच्या नेत्रवैद्याची. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली ब्रिटिश वैमानिकांच्या विमानांच्या झाकणांचे तुकडे उडून त्यांच्या डोळ्यांत शिरत. ही झाकणे पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकची. काचेचा कण डोळ्यात राहिला तर डोळा चिडतो. हे तुकडे मात्र बराच काळ आत राहूनही डोळा शांत राहिल्याचे रिडलींच्या ध्यानात आले. पुढे मोतीबिंदूची एक शस्त्रक्रिया पाहताना एका विद्यार्थ्याने सहज विचारले की काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का घालीत नाही? विद्यार्थ्यांचे असले प्रश्न बहुधा हसण्यावारी जातात. हा गेला नाही. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात रिडलींनी एका स्त्रीवर ती शस्त्रक्रिया केली, आणि भिंग कायमचे बसविण्यात आले ते ८ फेब्रुवारी १९५० रोजी.

परिणाम काय झाला? आमच्या पुतणीस आम्ही हा भाग दोनदा वाचून दाखविला. जगातील त्या पहिल्या रुग्ण स्त्रीस शस्त्रक्रियेनंतर उणे १८ चा नंबर आला, आणि त्यावर १२० अंशांवर उणे ६ चा सिलिंडर! अर्थात कृत्रिम भिंगाच्या जन्माबरोबरच त्यानंतरच्या धूसरपणाचाही जन्म झाला. पहिल्या नंबराचे कारण असे की रिडलींनी भिंगास मनुष्याच्या नैसर्गिक भिंगाची वक्रता जशीच्या तशी दिली. परंतु पर्स्पेक्स नैसर्गिक भिंगाहून किरणांस अधिक वाकविते. आकार तोच, द्रव्य निराळे, म्हणून शक्ती फार जास्त झाली. सिलिंडरच्या नंबरास मोठा छेद आणि जड भिंग ही कारणे पुरेशी आहेत.

रिडली निराश झाले नाहीत. पुढील भिंगांची वक्रता बदलून त्यांनी पहिली चूक दुरुस्त केली. स्वकीयांचा विरोध मात्र दुरुस्त होईना. १९५१ साली ऑक्सफर्ड येथील परिषदेत त्यांनी आपले रुग्ण दाखविले तेव्हा त्या काळचे नेत्रवैद्यांचे अग्रणी सर स्ट्यूअर्ट ड्यूक-एल्डर यांनी त्यांस कडाडून विरोध केला. डोळ्यातून परकी वस्तू काढणे हे नेत्रवैद्याचे काम, घालणे नव्हे, असा एकंदर सूर होता. विरोध करणारे अगदीच चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही, कारण त्या पहिल्या भिंगांपैकी काही जागेवरून घसरली व काही काढावी लागली. पण पुढे मार्ग सुधारत गेला. १९८६ साली रिडली रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, २००० साली त्यांस ‘सर’ ही पदवी मिळाली आणि २००१ साली ते वारले. तत्पूर्वी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाला, तेव्हा त्याच सेंट टॉमस रुग्णालयात त्यांनी स्वतःसही कृत्रिम भिंगे बसवून घेतली.

त्यानंतरची पन्नास वर्षे दोन गोष्टी सुधारण्यात गेली, माप आणि छेद. डोळ्याची लांबी व स्वच्छमंडलाची गोलाई मोजून कोणत्या शक्तीचे भिंग घालावे याचे गणित १९६७ साली रशियाचे फ्योदोरोव्ह यांनी मांडले. १९८० साली अमेरिकेतील सँडर्स, रेट्झलाफ व क्रॅफ यांचे सोपे सूत्र आले व ते सर्वत्र चालू लागले. छेदाची गोष्ट अधिक मनोरंजक आहे. कडक भिंग आत जाण्यास मोठा छेद लागे व त्यास टाके घालावे लागत. शिवणीचा धागा जास्त ओढला की कापडास चुणी पडते हे आपल्या घरातील भगिनींस सांगावयास नको. डोळ्याचेही तेच. टाका घट्ट झाला की त्या दिशेची गोलाई वाढे, टाका सैल झाला किंवा काढला की ती उतरे, आणि रुग्णाचा नंबर महिन्यामहिन्यास बदले. म्हणूनच त्या काळी ‘दीड-दोन महिने चष्मा करू नका’ असा सल्ला मिळे, आणि तो योग्यच होता. ‘थांबा, बसेल’ हे वाक्य त्या टाक्यांच्या काळातले आहे. टाके गेले, वाक्य मात्र राहिले.

टाके घालविण्याचे श्रेय न्यूयॉर्कचे चार्ल्स केलमन यांस. दंतवैद्याच्या खुर्चीत बसले असता दात साफ करणाऱ्या कंपन-यंत्रावरून त्यांस कल्पना सुचली आणि १९६७ साली त्यांनी त्या कंपनांनी मोतीबिंदूचा चुरा करून तो बारीक छेदातून ओढून घेतला. १९८४ नंतर घडी घालता येण्याजोगी भिंगे आली व छेद तीन मिलिमीटरच्या आत आला. आपल्या देशात भिंग सामान्यांच्या आवाक्यात येण्याचे मोठे कारण म्हणजे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली मदुराईस अकरा खाटांवर सुरू केलेले अरविंद नेत्र रुग्णालय व तेथेच १९९२ साली निघालेला ऑरोलॅब हा भिंगांचा कारखाना. त्या कारखान्याने भिंगाची किंमत परदेशी भिंगाच्या एका लहान हिश्श्यावर आणली.

छेद लहान झाल्याने शस्त्रक्रियेमुळे येणारी अबिंदुकता बरीच घटली, परंतु त्यामुळे जन्मजात अबिंदुकता उघडी पडली. येथे यंगचा पाण्यातील प्रयोग पुन्हा आठवावा. काही डोळ्यांत बाहेरच्या पडद्याचा दोष व आतल्या भिंगाचा दोष परस्परविरुद्ध असतात आणि एकमेकांस झाकतात. अशा माणसास जन्मात सिलिंडरचा नंबर नसतो. मोतीबिंदूबरोबर आतले भिंग गेले की बाहेरचा दोष एकटा उरतो, आणि रुग्ण म्हणतो की मला पूर्वी हा नंबर नव्हता, डॉक्टरांनी बिघडविले. त्याचे म्हणणे खोटे नसते, आणि डॉक्टरही दोषी नसतात! शस्त्रक्रियेपूर्वी हे समजावून सांगावयास हवे, आणि बहुधा तेवढेच राहून जाते. स्वच्छमंडलाच्या मागील पृष्ठासही स्वतःची विषमता असते व ती मोजण्यात सुटते, हे अमेरिकेतील डग्लस कॉख व सहकाऱ्यांनी २०१२ साली दाखवून दिले.

यावर उपाय असा की भिंगातच सिलिंडर घालावा. जपानचे शिमिझू यांनी १९९२ साली असे भिंग वापरले. त्यास टोरिक भिंग म्हणतात. परंतु चष्म्याची काच चौकटीत आवळलेली असते, तसे डोळ्यातील भिंग नसते. ते फिरू शकते, आणि येथेच ‘कोणत्या अंशावर’ चा प्रश्न उग्र होतो. गणित असे आहे की टोरिक भिंग ठरलेल्या जागेपासून १० अंश फिरले तर त्याचा सुमारे एक तृतीयांश उपयोग जातो. ३० अंश फिरले तर पूर्ण उपयोग जातो, मूळ होता तितकाच सिलिंडर नव्या अंशावर उभा राहतो. त्यापुढे फिरले तर भिंग नसते तर बरे होते अशी स्थिती येते. ३० अंश म्हणजे घड्याळाच्या तबकडीवर पाच मिनिटांचे अंतर. शिवाय मनुष्य आडवा झाला की त्याचा डोळा खोबणीत थोडा गरकन वळतो. म्हणून रुग्ण बसलेला असतानाच डोळ्यावर शाईची खूण करून मग त्यास मेजावर घेतात.

आतापर्यंत मोतीबिंदूच्या भिंगाची कथा झाली. आमच्या पुतणीच्या डोळ्यातील भिंग निराळ्या कुळातले. तिचे नैसर्गिक भिंग निरोगी होते, ते तसेच ठेवून त्याच्या पुढे दुसरे बसविले. या कल्पनेचा आरंभ इटलीच्या स्ट्रांपेली यांनी १९५३ च्या सुमारास केला. बार्सेलोनाचे होआकिन बारराकेर यांनी १९५९ साली दोनशेहून अधिक अशा भिंगांचा वृत्तांत दिला, पण त्यांपैकी निम्म्याहून अधिक पुढे काढावी लागली, कारण स्वच्छमंडलाच्या आतील नाजूक पेशी त्यांनी झिजत. पुढे सुमारे पंचवीस वर्षे बहुतेकांनी हा नाद सोडला. १९८६ साली वर उल्लेखिलेल्या फ्योदोरोव्ह यांनी भिंग बुबुळाच्या रंगीत पडद्याच्या मागे ठेवण्याची रीत आणली. त्याच वाटेने १९९३ सालापासून कोलामर नावाच्या मऊ द्रव्याची भिंगे बसू लागली. अमेरिकेत त्यांस २००५ साली मान्यता मिळाली, त्यांच्या टोरिक प्रकारास २०१८ साली. मध्यंतरी या भिंगाच्या मध्यभागी ०.३६ मिलिमीटरचे छिद्र ठेवण्यात येऊ लागले, जेणेकरून डोळ्यातील द्रव खेळता राहावा. त्या छिद्राच्या कडेमुळे काहींना रात्री दिव्याभोवती वलय दिसते. ते बहुधा पुढे जाणवेनासे होते.

हे भिंग रंगीत पडदा व नैसर्गिक भिंग यांच्यामधील अरुंद फटीत राहते. त्याची लांबी डोळ्याच्या मापास बरोबर हवी. फार लांब असेल तर ते मध्ये कमानीसारखे उचलले जाऊन डोळ्याचा दाब वाढण्याचे भय. आखूड असेल तर मागच्या भिंगास टेकून मोतीबिंदूचे भय, आणि शिवाय ते फिरते. आमच्या पुतणीचे असेच फिरले होते. आम्ही तिला दुसऱ्या शहरातील एका नेत्रतज्ज्ञाकडे नेले. त्यांनी प्रथम विचारले, “भिंगाचे कार्ड कोठे आहे?” कार्ड होते, पण कोणी वाचले नव्हते. त्यावर भिंगाची शक्ती, सिलिंडर अडीच आणि बसविण्याचा अंश छापलेला होता. बाहुली औषधाने मोठी करून पाहिले तो भिंगावरची खूण २६ अंश सरकलेली. गणिताने उरणारा सिलिंडर सव्वादोनाच्या जवळ येतो, आणि तपासणीतही तेवढाच आला. तीन महिने ‘थांबा’ या शब्दावर काढलेल्या त्या मुलीस पाच मिनिटांत कारण मिळाले. आठ दिवसांनी ते आखूड भिंग काढून योग्य लांबीचे बसविले आणि चंद्र एक झाला.

भिंग फिरणे हे अनेक कारणांपैकी एक. पहिल्या काही दिवसांची सूज, डोळ्याचा कोरडेपणा, उरलेला नंबर, पडद्यामागची सूज ही इतर कारणे होत. मोतीबिंदूच्या रुग्णांत भिंगामागची पिशवी काही महिन्यांनी वा वर्षांनी गढूळ होते व लेसरने क्षणात मोकळी करता येते. मात्र दुखणे, लाली, एकाएकी दृष्टी उतरणे, डोळ्यापुढे पडदा सरकल्यासारखे वाटणे यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, तेथे वाट पाहणे नको. आणखी एक. भिंग बसल्याने मोठ्या उणे नंबराचा डोळा मुळातून बदलत नाही. तो लांबट तो लांबटच राहतो व त्याच्या मागच्या पडद्याची वार्षिक तपासणी चष्मा गेला तरी चुकत नाही.

आता थोडे घरचे. आपल्या मंडळाच्या वधूवर-सूचीच्या अर्जात ‘चष्मा : आहे / नाही’ असा एक रकाना वर्षानुवर्षे आहे. तो कोणी घातला हे आम्ही जुनी इतिवृत्ते चाळून पाहिले, सापडले नाही. बहुधा ज्या काळी चष्मा म्हणजे व्यंग समजत त्या काळचा असावा. वरांच्या अर्जात ‘आहे’ लिहिण्यास कोणी कचरत नाही. वधूंच्या अर्जात त्या एका शब्दापायी शस्त्रगृहाची वाट धरली जाते हे आम्ही स्वतःच्या घरात पाहिले. भिंग बसविणे वाईट, असे आमचे म्हणणे नाही. उणे अकराच्या चष्म्यातून सुटका ही फार मोठी गोष्ट आहे, आणि ती आमच्या पुतणीस शेवटी मिळाली. परंतु लग्नाच्या तारखेकडे पाहून शस्त्रक्रियेची तारीख धरावी आणि दोष दिसला तर तोंड मिटून बसावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही. हा रकाना काढून टाकावा अशी विनंती आम्ही कार्यकारिणीस लेखी केली आहे.

विवाहापूर्वी पुतणीने आमच्या सल्ल्याने सासूबाईंना सारा वृत्तांत सांगितला. बंधू व वहिनी त्या दिवशी आमच्यावर रुष्ट होते. सासूबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि म्हणाल्या की त्यांचे स्वतःचे मोतीबिंदूचे शस्त्रकर्म दोन वर्षांपूर्वी झाले, पहिले वर्ष चांगले गेले, मग हळूहळू धुके पडले. वयाचे असेल म्हणून त्यांनी कोणास सांगितले नव्हते. पुतणी त्यांना घेऊन त्याच तज्ज्ञांकडे गेली. पिशवी गढूळ झाली होती. लेसरच्या खुर्चीवर त्या दहा मिनिटेही बसल्या नसतील. त्यांच्या भिंगाचे कार्ड देव्हाऱ्याखालच्या खणात, विजेच्या बिलांच्या गठ्ठ्यात सापडले. आता ते व पुतणीचे कार्ड एकाच पाकिटात ठेविलेले आहे.

लेसरने स्वच्छमंडलाचीच गोलाई बदलून अबिंदुकता घालविण्याचा इतिहास निराळा व मोठा आहे. विस्तारभयास्तव तो येथे घेतलेला नाही.